आशाताईच्या वहीतलं वजन

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या बाळंतिणीच्या घरी पोहोचायचं, तर बांधीच्या धुऱ्यावरून चिखल तुडवत जावं लागतं. लाखांदूर असो की मोहाडी, गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिच्या सहा भेटी ठरलेल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. हात धुवायचे, बाळाला झोळीत ठेवून काटा उचलायचा, ताप बघायचा, मिनिटभर श्वास मोजायचे. ते 60 किंवा त्याहून जास्त भरले, तर दवाखाना गाठायला लावायचं. या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये.

एवढ्या पैशांत हे काम मनापासून होतं, याचं एक कारण तिच्या वहीत आहे. दूध ओढायचीही ताकद नसलेल्या बाळाचं वजन भेटीगणिक वाढताना ती स्वतः लिहिते. पुढे तेच पोर अंगणवाडीत धावताना तिला दिसतं.

आपल्या कामाचा उपयोग झालेला माणूस असा डोळ्यांसमोर आला की काय होतं, हे तपासलंही गेलं आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवर अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही जणांची जेमतेम पाच मिनिटं भेट घालून दिली. पगार तोच, काम तेच. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक झाला होता आणि जमलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढली होती. ज्यांना विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचायला दिलं, त्यांच्यात असा फरक पडला नाही. माणूस समोर यावा लागतो.

आशाताईंचं हे काम आलं शेजारच्या गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं.

समाधानाने मात्र चूल पेटत नाही. मोबदल्यासाठी राज्यातल्या आशांना 2023 मध्ये संपावर जावं लागलं. 2024 च्या मार्चमध्ये 5,000 रुपयांची वाढ मंजूर झाली. ती त्यांच्या हक्काचीच होती.

त्यासोबत एक बिनखर्चाची गोष्टही व्हावी. आशाताईने पाठवलेलं बाळ बरं होऊन घरी निघालं, की त्याच दिवशी दवाखान्यातून तिला एक फोन जावा.