जुलाब थांबले, पण पोट फुगले : अल्सरेटिव्ह कोलायटिसमधील धोक्याची खूण

नांदेड-लातूरकडे शौचातून रक्त पडले की घरचे आधी ‘आव’ म्हणतात, नाहीतर ‘मूळव्याध’. माझ्याकडे आलेले कित्येक रुग्ण त्याचीच औषधे घेत राहिलेले असतात. प्रत्यक्षात काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस असतो. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात. हा आजार वर्षानुवर्षे कमी-जास्त होत राहतो.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत 100 फॅरनहाइटच्या वर ताप, नव्वदच्या वर नाडी किंवा साडेदहापेक्षा कमी हिमोग्लोबिन, यांपैकी एक जरी असेल, तरी रुग्णाला दाखल करावे लागते. 1955 साली ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी मांडलेले हे निकष थोड्याफार फरकाने आजही वापरतात.

कधीकधी सूज अस्तरापुरती न राहता आतड्याच्या स्नायूपर्यंत जाते. आतडे लुळे पडते, गॅसने फुगते, भिंत पातळ होते. याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. एक्स-रेमध्ये आतडे सहा सेंटिमीटरहून रुंद दिसते. ते फुटले तर घाण पोटात पसरते आणि जीव धोक्यात येतो. फसगत इथेच होते. लुळ्या आतड्यातून मल पुढे सरकत नाही, म्हणून जुलाब कमी होतात आणि नातेवाईक म्हणतात, “आता बरं वाटतंय.” पोट ताणलेले असेल, ताप असेल, रुग्ण मलूल असेल, तर हे बरे होणे नव्हे. स्टेरॉइड चालू असल्यास पोटदुखीही दबून जाते.

म्हणून रक्ताच्या जुलाबात मेडिकलमधून लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी आणू नका, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके टाळा. चालू स्टेरॉइडही मनाने बंद करू नका.

अशा वेळी फिजिशियन आणि सर्जन दोघेही असलेले रुग्णालय हवे. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे, दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. शिरेतून स्टेरॉइड देऊन साधारण तिसऱ्या दिवशी गुण पाहतात. गुण नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाहीतर मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया. आतडे फुटले असेल तर थांबायला वेळच नसतो.

पोटावर शौचाची पिशवी येणार म्हणून घरचे बिचकतात. मी समजू शकतो. पण अनेकांची पिशवी पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढता येते. चार दिवस विचारात घालवले आणि मधेच आतडे फुटले, तर तीच शस्त्रक्रिया कितीतरी जोखमीची होते.

निघताना कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या.