आईच्या दुधाची पेढी आणि साथीचे दिवस

पहाटे धार काढून संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या घरांना दुधाचा नाजूकपणा वेगळा सांगायला नको. कॅन नीट धुतलेला नसला किंवा गाडी यायला उशीर झाला की दूध नासते. मग आईचे दूध दुसऱ्या आईच्या बाळासाठी जपून ठेवायचे, तर किती काळजी घ्यावी लागत असेल!

असे दूध जपणाऱ्या पेढ्या आपल्याकडे आहेत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने अशी पेढी सुरू झाली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते.

या पेढीचे दूध प्रामुख्याने दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि वजनाने फार कमी असलेल्या बाळांसाठी असते. अशा बाळाच्या आईला कधी दूध उशिरा येते, तर कधी ती स्वतःच अत्यवस्थ असते. वरचे दूध किंवा डब्याची पावडर दिली, तर या कोवळ्या जिवाला आतड्याचा जीवघेणा आजार होण्याचा धोका वाढतो. आईच्या दुधाने तो कमी होतो. सुरुवातीला बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर दूध लागते. म्हणून एका मातेने दिलेले वाटीभर दूधही फार मोलाचे असते.

दूध निर्धोक कसे होते?

प्रथम दूध देणाऱ्या मातेची तपासणी होते. एचआयव्ही, कावीळ ब आणि गरमी या रोगांसाठी रक्त तपासतात. तंबाखू, मिसरी किंवा दारूची सवय असलेल्या बाईचे दूध घेत नाहीत. स्वतःच्या बाळाचे पोट भरून दूध उरत असेल, तरच ते घ्यायचे असा नियम आहे. हात धुऊन, निर्जंतुक भांड्यात दूध काढतात. मग ते ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून लगेच थंड करतात. त्यातला नमुना जंतूंसाठी तपासतात आणि दोष आढळला तर दूध फेकून देतात. चांगले दूध उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात.

तुम्ही म्हणाल, सरळ उकळी का आणत नाहीत? उकळल्याने जंतू मरतील, पण बाळाला रोगापासून वाचवणारे दुधातले गुणही बरेचसे जातील. बेताच्या उष्णतेने जंतू मरतात आणि त्या गुणांपैकी पुष्कळ टिकून राहतात.

साथीत काय झाले?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली. बाळंतिणींना लवकर घरी सोडू लागले, वाहने बंद झाली आणि माणसे दवाखान्याची पायरी चढायला भिऊ लागली. अनेक पेढ्यांकडे येणारे दूध आटले. दिवस न भरलेली बाळे मात्र जन्माला येतच होती. दुधातून करोना पसरेल का, ही धास्तीही होती. कॅनडातील टोरांटोच्या संशोधकांनी २०२० मध्येच दुधात हा विषाणू मिसळून पाहिला. नेहमीच्या पद्धतीने ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवल्यावर त्यात जिवंत विषाणू उरला नाही. पेढ्यांनी त्यात आणखी काळजीची भर घातली. ताप-खोकल्याची चौकशी, तोंडाला मुखपट्टी, बाटल्या बाहेरून पुसून घेणे, हे सारे सुरू झाले. दूध निर्धोक ठेवण्याची रीत साथीतही टिकली, अडचण झाली ती दूध देणाऱ्या मातांची.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

आई तापाने आजारी पडली की सासूबाई, आत्याबाई लगेच बाळाला वरचे दूध सुरू करतात. करोनाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २०२० पासून स्पष्ट आहे. आईने हात धुवावेत, मुखपट्टी लावावी आणि बाळाला अंगावर पाजावे. तिला पाजण्याइतके बळ नसेल, तर दूध काढून स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. काढलेले दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात तर त्याआधीच संपवावे.

शेजारणीचे कच्चे दूध परस्पर काढून आणून बाळाला पाजू नका. तिची तपासणी झालेली नसते. आणि कोणी आईचे दूध विकत देऊ केले तर घेऊ नका. अशा विक्रीला परवानगी नसल्याचे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये बजावले आहे. पेढीला दूध देणे हे दानच असते.

भगिनींनो, तुमचे बाळंतपण मोठ्या दवाखान्यात झाले आणि बाळ पिऊनही दूध उरत असेल, तर ते पिळून मोरीत टाकू नका. तेथे दुधाची पेढी आहे का, हे परिचारिकेला विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही तिला अडवू नये. दूध दिल्याने ते आटत नाही, उलट काढत राहिले की पान्हा टिकतो. पुढे कधी साथ आली, तर कोणा अनोळखी मातेच्या मूठभर वजनाच्या बाळाला तेच दूध तारून नेईल.