कोलेस्टेरॉलच्या गोळीची सतरा वर्षांची परीक्षा

अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र असलेली कॅप्सूल श्रीरामपूरच्या कुठल्याही मेडिकलला नवी नाही. ब्लॉकेज निघालेले, अँजिओप्लास्टी झालेले, शुगर असलेले कितीतरी जण रात्री जेवण झाले की ती घेतात. ‘चरबीची आणि रक्त पातळ व्हायची’ एवढीच घरात तिची ओळख. विषाणूने फुफ्फुसे धरली तर हीच औषधे उपयोगी पडतील का, याचा शोध मात्र जगभर बरीच वर्षे चालला.

यातले चरबीचे औषध स्टॅटिन गटातले. पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी 1973 मध्ये बुरशीतून वेगळे काढले. कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एन्झाइमला ते अडवते. पुढे लक्षात आले, की रक्तवाहिन्यांच्या अस्तराची सूजही ते उतरवते. गंभीर फ्लूत पुष्कळदा विषाणूइतकाच घात करते ती आपलीच भडकलेली प्रतिकारशक्ती. म्हणून 2006 मध्ये अमेरिकी डॉक्टर डेव्हिड फेडसन यांनी सुचवले, की महासाथीत लस आणि महागडी औषधे गरीब देशांपर्यंत वेळेत पोचणार नाहीत. स्वस्त स्टॅटिन आधीच तपासून ठेवा.

तीनच वर्षांनी स्वाइन फ्लू आला आणि ऑगस्ट 2009 मध्ये देशातला पहिला बळी पुण्यात गेला. चर्चा सगळी टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाची होती. अमेरिकेतल्या फ्लूच्या तीन हजारांवर रुग्णांचा अभ्यास 2012 मध्ये आला: स्टॅटिन घेणारे कमी दगावले होते. पण नियमित गोळी घेणारा माणूस तपासणीही वेळेवर करतो, दवाखान्यातही लवकर जातो. मग वाचवले कोणी, गोळीने की सवयीने? 2014 मध्ये फुफ्फुसे निकामी झालेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही आणि विषय मागे पडला.

करोनाने तो पुन्हा वर काढला. चीनच्या हुबेईतले आकडे 2020 मध्ये आशादायक निघाले. दिल्लीच्या एम्सने तर आपल्याकडची हीच जोडी, 40 मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, 900 रुग्णांवर तपासली. प्रकृती बिघडण्यात फरक पडला नाही. पण ते रुग्ण सौम्य ते मध्यम आजाराचे होते आणि बिघडले फारच थोडे. इकडे 2021 च्या एप्रिलमध्ये राज्यभर रेमडेसिव्हिर इंजेक्शनसाठी नातेवाइकांची वणवण चालली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या 61 गावांत पुन्हा टाळेबंदी लागली.

2022 मध्ये इराणच्या आयसीयूतल्या चाचणीतूनही ठोस उत्तर मिळाले नाही. उत्तराच्या सर्वांत जवळ पोचली ती रीमॅप-कॅप ही अनेक देशांतली चाचणी. अत्यवस्थ रुग्णांना त्यात 80 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, म्हणजे दुसरे एक स्टॅटिन, दिले. 2023 मध्ये निकाल आला: फायदा असण्याची शक्यता 95.9 टक्के. आधी आखलेली रेषा 99 ची होती. रुग्णच कमी झाल्याने चाचणी ती रेषा गाठण्याआधीच, जानेवारी 2023 मध्ये, थांबवावी लागली होती. साथ ओसरली हे चांगलेच झाले, पण प्रश्न लटकत राहिला.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही असेच जुने, स्वस्त औषध. करोनावरचा त्याचा निकाल मात्र जून 2020 मध्येच हाती आला, कारण ब्रिटनने साथ चढतीला असतानाच पावणेदोनशे रुग्णालये एका चाचणीत जोडली होती. पेटंट संपलेल्या गोळीसाठी कंपनी पैसा ओतत नाही. ते काम सरकारचेच. पुढच्या साथीची चाचणी आज कागदावर तयार हवी, तिची परवानगी घेऊन ठेवलेली हवी आणि लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारखी ठिकाणे तिच्यात हवीत.

तोवर हिशेब साधा आहे. हृदयासाठी गोळी चालू असेल तर तापात मनाने बंद करू नये, आणि फ्लूच्या भीतीने मनाने सुरूही करू नये. करोनावरच्या गोळ्यांत असलेल्या रिटोनाव्हिरसोबत सिम्व्हास्टॅटिन चालत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी आणि डॉक्टरांपुढे रिकामी करावी.