‘बेलेरोफॉन’ : रणसंग्रामापासून बंदिवासापर्यंत

वॉटर्लूच्या पराभवाला चार आठवडेही उलटले नव्हते. १५ जुलै १८१५ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर, रोशफोरनजीक, नेपोलियन बोनापार्ट एका ब्रिटिश युद्धनौकेवर चढला आणि कप्तान फ्रेडरिक मेटलंड याच्या स्वाधीन झाला. ती नौका म्हणजे ‘बेलेरोफॉन’. ग्रीक पुराणकथेतील वीराचे हे नाव खलाशांच्या जिभेवर रुळले नाही. त्यांनी त्याचे ‘बिली रफियन’ करून टाकले.

१७८६ मध्ये केंट परगण्यातील मेडवे नदीकाठी, फ्रिंड्सबरी येथे तिचे जलावतरण झाले. तिच्यावर ७४ तोफा होत्या. युद्धरांगेत टिकाव धरण्याचे बळ आणि पाठलागाला पुरेसा वेग यांचा मेळ या जहाजांत साधला होता. म्हणूनच ती त्या काळी ब्रिटिश आरमाराचा कणा ठरली.

या बळाची कठोर परीक्षा १ ऑगस्ट १७९८ रोजी नाईलच्या लढाईत झाली. अबुकीरच्या उपसागरात ‘बेलेरोफॉन’ सुमारे १२० तोफांच्या ‘लोरिआँ’ या फ्रेंच सेनापतीच्या जहाजाशी भिडली. तिच्या डोलकाठ्या कोसळल्या, ४९ जण ठार व १४८ जखमी झाले आणि तिला रणातून बाहेर पडावे लागले. दुरुस्तीनंतर १८०५ मध्ये ती ट्रफाल्गरला पुन्हा उभी राहिली. तेथे कप्तान जॉन कुक धारातीर्थी पडला. नेमबाजांचे लक्ष वेधणारी खांद्यावरील पदचिन्हे उतरवण्याचा सल्ला त्याने मानला नव्हता. लेफ्टनंट विल्यम कंबी याने सूत्रे हाती घेऊन झुंज चालूच ठेवली.

नेपोलियनला इंग्लंडमध्ये आश्रय मिळण्याची आशा होती. नौका टॉरबे आणि पुढे प्लिमथला पोहोचली. त्याला पाहण्यासाठी होड्यांची झुंबड उडाली. परंतु त्याने भूमीवर पाऊल ठेवले असते, तर प्रकरण न्यायालयात जाण्याचा धोका होता. सरकारने त्याला किनाऱ्यावर उतरूच दिले नाही. ७ ऑगस्टला त्याची रवानगी ‘नॉर्थम्बरलँड’वर आणि तेथून सेंट हेलेना बेटावर झाली.

त्यानंतर युद्ध उरले नाही, तसे तिचे कामही. तोफा उतरवून तिला कैद्यांचे तरंगते कारागृह बनवण्यात आले. १८२४ मध्ये तिचे नावही काढून दुसऱ्या जहाजाला दिले गेले. तिला मिळालेले नवे नाव होते ‘कॅप्टिव्हिटी’, म्हणजेच बंदिवास. १८३६ मध्ये ती मोडीत विकली गेली.