नवी ट्रॉली रंगाआधी पाहा

सोयाबीन-कापसाचे चार पैसे हाती आले की ट्रॅक्टरमागे नवी ट्रॉली घ्यायचा विचार होतो. पण आपण नुसता रंग पाहून बैल घेतो का? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. ट्रॉलीचंही तसंच आहे. आपल्या जिल्ह्यात घाटावरचा माल घाटाखाली मलकापूर-खामगावला न्यावा लागतो. भरल्या ट्रॉलीची कडी राजूर घाटात किंवा बोथा घाटात तुटली, तर माल जाईलच, माणूसही जाईल.

ट्रॉली बहुतेक वेळा सांगून बनवून घेतली जाते. म्हणून वेल्डिंग झालं आहे पण रंग लागायचा आहे, अशा दिवशी उजेडात जा. रंगाखाली सगळे दोष झाकले जातात. सोबत टेप, दोरी आणि हातोडी न्या. मग असं तपासा :

१) सांधे : वेल्डिंग सलग, सारख्या जाडीचं हवं. त्यात भोकं, फटी, मधेच सोडलेली जागा नको. पुढची दांडी चासीला जिथे जोडली आहे तो सांधा खाली वाकून पाहा. सगळी ओढ त्याच्यावर येते. कडी आणि पिन ढिली बसत असेल तर बदलून मागा.

२) माप : चासीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत. दोन चाकी ट्रॉली असेल तर दोरी कडीपासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत धरून पाहा. अंतरात फरक असेल तर ट्रॉली तिरपी ओढली जाते आणि टायर लवकर झिजतात.

३) चाकं : जॅक लावून चाक उचला, फिरवा. घरघर येऊ नये. वर-खाली धरून हलवा, खडखड वाजू नये. टायर नवे म्हणून सांगितले असतील तर नवेच आहेत ना, ते पाहा.

४) भार : कागदावर आहे तेवढाच माल समान पसरून भरा आणि आठ-दहा किलोमीटर चालवा. दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार कडीवर यायला हवा. भार मागे गेला तर कडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं पकड सोडतात. थांबल्यावर चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ जपून हात न्या. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर बेअरिंगमध्ये दोष आहे. नंतर सगळे सांधे पुन्हा पाहा.

५) कागद : चासीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवा. रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर घाला. कागदातल्या वजनापेक्षा बरीच कमी भरली तर पत्रा किंवा चॅनल हलका वापरला आहे. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर लागल्याशिवाय ताबा घेऊ नका.

कर्ज असेल तर बँक पैसे परस्पर देते. म्हणून दोष निघाला तर ताबापावतीवर सही करण्याआधी बँकेला लेखी कळवा. बिल पक्कं घ्या. दुरुस्ती नाकारली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

रंग दोन दिवस उशिरा लागला तरी चालेल. सांधा कच्चा राहिलेला चालणार नाही.