उजळणीचे पुस्तक निवडताना

वार्षिक परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आली की विद्यार्थ्यांच्या हाती पाठ्यपुस्तकाऐवजी गाइड दिसू लागते. गाइडांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. शिकून झालेला भाग पुन्हा नजरेखालून घालण्यास असे पुस्तक उपयोगी पडते. अर्थशास्त्राच्या बाबतीत मात्र निवड डोळसपणे करावी लागते, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना तर विशेषच.

पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. तिकडे यवतमाळला वा नांदेडला मराठी गाइडे विपुल मिळतात आणि भाषा आपली म्हणून पालक ती हौसेने आणतात. परंतु ती महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमास धरून लिहिलेली असतात. आपली दहावीची परीक्षा तेलंगणाची. येथे अर्थशास्त्र हे सामाजिक अध्ययनाचे अंग असून उत्पादन व रोजगार, जागतिकीकरण, अन्नसुरक्षा यांसारखे विषय त्यात येतात. यास्तव पैसे देण्यापूर्वी दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. परिभाषाही पाहावी. एक पुस्तक ‘स्थूल’ म्हणते तेथे दुसरे ‘सकल’ म्हणते. उत्तरपत्रिकेत आपल्या पाठ्यपुस्तकातील शब्द लिहिणेच श्रेयस्कर.

पुस्तक जुने आहे काय, हे मुखपृष्ठावरील वर्षावरून नेहमीच कळते असे नाही. नियोजन आयोगाचे पान उघडावे. १ जानेवारी २०१५ रोजी त्याच्या जागी नीती आयोग आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. २०१६ मध्ये आपल्या जुन्या जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. ज्या पुस्तकास यांपैकी कशाचीच वार्ता नाही, ते थोरल्या भावाचे म्हणून फुकट मिळाले तरी महागच पडेल.

आता खरी कसोटी. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना केवळ अंतिम वस्तूंचेच मूल्य का धरतात, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे. ‘दुहेरी गणना टाळण्यासाठी’ एवढ्यावर जे थांबते, ते पाठांतराचे पुस्तक. चांगले पुस्तक हिशेब मांडून दाखवते. आपल्याकडच्या कापसाचेच घ्या. समजा, शेतकऱ्याने कापूस १०० रुपयांस विकला, जिनिंगवाल्याने त्याची रुई १२० रुपयांस, गिरणीने सूत १७० रुपयांस आणि विणणाऱ्याने कापड २५० रुपयांस विकले. (सरकीचा हिशेब सोयीसाठी सोडला आहे.) चारही रकमांची बेरीज ६४० होते, पण कापसाची किंमत तीत चार वेळा शिरली. प्रत्येकाने घातलेली भर तेवढी मोजली, तर १००, २०, ५० व ८० मिळून २५० होतात, म्हणजे नेमकी कापडाची किंमत. हे ज्यास एकदा उमगले, त्याच्यापुढे कापसाऐवजी भात व तांदूळ आले तरी तो अडत नाही.

नमुना प्रश्नांची संख्या पाहून भुलू नये. उत्तरे आहेत की नुसतीच प्रश्नांची रास, आणि आलेखाच्या अक्षांवर नावे आहेत की नाहीत, हे पाहावे. दोघा-तिघांनी मिळून एक प्रत घेतली तरी चालते. एकाने प्रश्न वाचावा, दुसऱ्याने पुस्तक मिटून उत्तर सांगावे.