बागेतले कंद : सुदर्शन

निशिगंधाचे कंद काढून सावलीत सुकवायचे आणि पुन्हा लावायचे, हे गेल्या भागात पाहिले. सुदर्शनाचे नेमके उलटे आहे. त्याला सुकवणे, हलवणे, उकरून पाहणे यांतले काहीच मानवत नाही.

सुदर्शन, म्हणजेच नागदवणा, हा क्रायनम या प्रजातीतला. तिच्या शंभराच्या आसपास जाती उष्ण प्रदेशांत पसरल्या आहेत, सर्वाधिक आफ्रिकेत. निशिगंधाची मुळे दरवर्षी नवी येतात. क्रायनमची जाडजूड मुळे वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांतली काही आकसून कंदाला हळूहळू खाली ओढतात. झाड उपटले की हीच मुळे तुटतात. मग ती पुन्हा धरण्यातच हंगाम सरतो आणि फुले येत नाहीत. म्हणून जागा आधीच नीट निवडावी : अर्धा दिवस ऊन, आणि चारही बाजूंना हातभर मोकळी जमीन. कंदाची मान मातीच्या वर ठेवून पावसाच्या तोंडावर लावावे. कुंडी असेल तर खोल घ्यावी.

फुले संध्याकाळी उमलतात. पांढरा रंग आणि अंधारात दाटणारा वास, दोन्ही लांब सोंडेच्या पतंगांसाठी. बी मात्र याहून नवलाचे. नागदवण्याचे बी टपोरे आणि हिरवट असते. समुद्रकाठच्या या झाडाचे बी बुचासारख्या हलक्या आवरणामुळे पाण्यावर तरंगत दूर जाते. रुजायला लागणारे पाणी त्याच्या आतच असल्यामुळे ते नुसत्या टेबलावरही कोंब काढते. ते पुरू नये, मातीवर ठेवावे. कोंब आधी खाली मातीत शिरतो, तिथे त्याच्या टोकाशी इवला कंद धरतो आणि मग पान वर येते.

काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या पानांच्या पापुद्र्यांत शिरून पार कंदापर्यंत पोखरत जातात. पावसाळ्यात रोज पाने उलटून पाहावीत. पोखरलेले पान कापून अळ्यांसकट नष्ट करावे. पानांचा रस कानात घालण्याचा घरगुती उपाय मी कुणालाच सुचवणार नाही. सगळ्या झाडात लायकोरिन हे विषारी द्रव्य असते आणि ते पोटात गेले की उलट्या होतात.

आपल्या सह्याद्रीतही क्रायनम आहेत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वुड्रो यांच्या नावाची क्रायनम वुड्रोवी ही जाती १८९०च्या दशकात नोंदली गेली. नंतर शंभरावर वर्षे ती कुणाला दिसली नाही. या शतकाच्या सुरुवातीला महाबळेश्वरच्या केट्स पॉइंट परिसरात ती पुन्हा सापडली. पाने येण्याआधीच तिची फुले येतात. तिचीच सोबतीण क्रायनम ब्रॅकिनेमा हीदेखील अतिशय दुर्मीळ आहे. त्या उतारांवरचा एकही कंद कुणी बागेसाठी उकरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हौस भागवायला बागेतला नागदवणा पुरेसा आहे. शेजारच्या झाडाखाली पडलेले एक बी मागून आणा आणि ओलसर मातीवर ठेवा.

पुढच्या आठवड्यात : मे महिन्यात लाल गोळ्यासारखा फुलणारा फुटबॉल लिली.